बर्फ कमी, अंधार जास्त: उग्रुनालुक या आर्क्टिक डायनासोरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी सुट्टीत भाचा आला की लॅपटॉप त्याचा आणि प्रश्नांची उत्तरं माझी. डायनासोरचं प्राणीसंग्रहालय उभारायचे जे गेम असतात, त्यांत तो तासन्‌तास कुंपणं घालत बसतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्या डोक्यात उत्तर ध्रुवाकडचा बदकचोच्या डायनासोर शिरला, आणि मलाही त्याच्यामागे बरंच वाचावं लागलं. त्याने, त्याच्या मित्रांनी आणि नंतर त्यांच्या आईबाबांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

उग्रुनालुक म्हणजे नक्की कोण?

हॅड्रोसॉर कुळातला, म्हणजे बदकचोच्या गटातला एक शाकाहारी डायनासोर. राहायचा आजच्या अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला, सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी. पूर्ण वाढलेला प्राणी आठ-नऊ मीटर लांब भरत असावा. आपली एसटी बस जेवढी लांब असते, त्याहून थोडा कमी. मागचे पाय दणकट, पुढचे बारीक. चरताना चारी पायांवर, पळायची वेळ आली की बहुधा मागच्या दोन पायांवर. डोक्यावर हाडाचा तुरा नाही.

त्याचं महत्त्व आकारात नाही, पत्त्यात आहे. जिथे वर्षातले जवळपास चार महिने सूर्य उगवत नव्हता, तिथे हा कळपाने राहत होता.

नाव उच्चारायचं कसं? आणि इतकं विचित्र का?

उ-ग्रू-ना-लुक, जोर ‘ग्रू’वर. पूर्ण शास्त्रीय नाव उग्रुनालुक कूकपिकेन्सिस. नाव लॅटिनमधून उचललेलं नाही. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या इनुपियाक लोकांच्या भाषेतलं आहे. ‘कूकपिक’ हे कोलविल नदीचं त्यांचं नाव, आणि सगळ्या नावाचा अर्थ ‘कोलविल नदीकाठचा प्राचीन चरणारा’ असा. आपल्या कानांना विचित्र वाटतं हे खरं, पण ‘टायरॅनोसॉरस’ तरी कुठे आपल्या आजीला पहिल्या दमात म्हणता आलं होतं!

हा कुठल्या गेममध्ये मिळेल?

गेमच्या यादीत शोधताना आधी ‘एडमोंटोसॉरस’ शोधा. तो उग्रुनालुकचा सख्खा नातेवाईक. काहींच्या मते तर तोच. (हा वाद पुढे येतोच आहे.) एडमोंटोसॉरस या प्रकारच्या गेममधला जुना भिडू आहे. २००३ च्या ‘जुरासिक पार्क: ऑपरेशन जेनेसिस’मध्ये तो होता, २०१८ च्या ‘जुरासिक वर्ल्ड एव्होल्युशन’मध्येही होता. ‘प्रीहिस्टॉरिक किंगडम’ हा गेम एप्रिल २०२२ मध्ये अर्धवट तयार अवस्थेतच खेळाडूंसाठी खुला झाला. त्यात इमारतींचा एकेक तुकडा स्वतः जोडता येतो, आणि वन्यजीवांवरच्या टीव्ही कार्यक्रमांमुळे माहीत असलेले नायजेल मार्वेन त्यात माहिती सांगतात. विज्ञानाशी प्रामाणिक राहून पार्क बांधायची हौस असेल तर मी हा सुचवेन.

अपडेटनुसार प्राण्यांच्या याद्या आणि कातड्यांचे पर्याय बदलत असतात, म्हणून कुठलं बटण कुठे हे इथे सांगत बसत नाही. खालची माहिती कुठल्याही गेममध्ये उपयोगी पडेल.

उत्तर ध्रुवाजवळ डायनासोर आहेत हे कळलं कसं?

ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा लांबण लावतो.

१९६१ साली रॉबर्ट लिस्कॉम्ब नावाचे भूवैज्ञानिक शेल या तेल कंपनीसाठी कोलविल नदीच्या काठाने खडकांचे नकाशे तयार करत होते. नदीच्या कड्यात त्यांना हाडं दिसली. त्यांनी काही गोळा केली, नोंद केली, आणि हाडं कंपनीकडे गेली. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, दरड कोसळून लिस्कॉम्ब यांचा मृत्यू झाला. हाडं कंपनीच्या गोदामात पडून राहिली. एक-दोन नाही, वीसेक वर्षं.

कुणाला त्यांत फार रस का वाटला नाही? कारण ती सस्तन प्राण्याची असावीत असा समज होता. उत्तर अलास्कातल्या नद्यांच्या काठी मॅमथचे दात आणि हाडं निघतातच, तेव्हा ‘आणखी एक’ असं वाटणं साहजिक होतं. डायनासोर म्हणजे उष्ण प्रदेशातले, ऊन खाणारे सरडे हे चित्र तेव्हा इतकं घट्ट बसलेलं होतं की ध्रुवाजवळ ते असतील ही कल्पना फारशी कुणी केली नव्हती. त्यात ती हाडं नीट दगडही झालेली नव्हती. जमीन कायम गोठलेली असल्याने ती बरीचशी ‘ताजी’ वाटत होती.

१९८० च्या दशकात ती पुन्हा उजेडात आली, अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातल्या अभ्यासकांनी पाहिली आणि कळलं की ही बदकचोच्या डायनासोरची आहेत. त्यानंतर अलास्का विद्यापीठाच्या संग्रहालयाच्या मोहिमा सुरू झाल्या. आज त्या थराला लिस्कॉम्ब अस्थिथर म्हणतात आणि तिथून सहा हजारांहून जास्त हाडं निघाली आहेत. २००७ मध्ये तर गोठलेल्या जमिनीत चक्क बोगदा खणून हाडं काढली.

आता गंमत अशी की यातली बहुतेक हाडं पिल्लांची, खरं तर किशोरवयीन प्राण्यांची आहेत. साधारण पावणेतीन मीटर लांब आणि कमरेशी जेमतेम एक मीटर उंच. चिखलगाळाने भरलेल्या पुराच्या लोंढ्यात सापडून कळपातली कच्चीबच्ची एकदम मेली असावीत.

काही जण याला एडमोंटोसॉरसच म्हणतात. खरं कोण?

२०१५ साली हिरोत्सुगु मोरी, पॅट्रिक ड्रकनमिलर आणि ग्रेगरी एरिक्सन या तिघांनी उग्रुनालुक हे नाव दिलं. कवटीतले काही फरक त्यांना वेगळी प्रजात मानण्याइतके पुरेसे वाटले.

अडचण वर सांगितलीच आहे: हाडं पिल्लांची. माणसाच्या पाच वर्षांच्या पोराचं आणि त्याच्या बापाचं तोंड शेजारी ठेवा. जबडा, कपाळ, डोळ्यांची खोबण, सगळ्याची प्रमाणं वेगळी. बदकचोच्या डायनासोरांत तर वाढताना डोकं आणखीच बदलतं. मग दिसणारा फरक प्रजातीचा की वयाचा? २०१७ मध्ये काही संशोधकांनी हाच मुद्दा काढून नाव संशयास्पद ठरवलं. २०२० मध्ये र्‍यूजी ताकासाकी आणि सहकाऱ्यांनी कवटीची हाडं पुन्हा तपासली आणि हा प्राणी एडमोंटोसॉरस गटातच, कॅनडातल्या एडमोंटोसॉरस रीगॅलिसच्या जवळपास बसतो असं म्हटलं. एडमोंटोसॉरस रीगॅलिस हे नाव १९१७ सालचं, लॉरेन्स लॅम्ब यांनी दिलेलं. आणि नावांच्या बाबतीत जीवशास्त्राचा नियम आपल्या रेशनच्या रांगेसारखा आहे: आधी आला तो पुढे.

माझं मत विचाराल तर २०२० चा युक्तिवाद मला जास्त पटतो. पण गेममध्ये ‘उग्रुनालुक’ हा वेगळा पर्याय मिळत असेल तर तो जरूर घ्या. ठिकाण आणि हवामान इतकं वेगळं आहे की त्याला स्वतःचं कुंपण आणि स्वतःची पाटी मिळायलाच हवी. शिवाय त्या मातीतल्या लोकांच्या भाषेतलं नाव हजार लॅटिन नावांच्या गर्दीत उठून दिसतं.

आर्क्टिक म्हणजे बर्फच ना? मग मी सगळी जमीन पांढरी केली तर चुकलं कुठे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा भाग हाच. भाच्याने पहिलं कुंपण बांधलं तेव्हा त्यात हिमनदी होती, बर्फाचे सुळके होते आणि मध्ये बिचारा बदकचोच्या उभा. मी विचारलं, ‘हा इथे खाणार काय?’ तर म्हणाला, ‘मामा, गव्हाण ठेवलीय ना.’

सात कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी आजच्यापेक्षा बरीच उष्ण होती. हाडं ज्या खडकांत सापडतात, त्या प्रिन्स क्रीक खडकांमधल्या वनस्पतींवरून तेव्हाचं हवामान काढलं आहे. वर्षाचं सरासरी तापमान सुमारे सहा अंश सेल्सिअस. सगळ्यात थंड महिन्याची सरासरी शून्याच्या जराशी खाली, सगळ्यात उबदार महिन्याची चौदा-पंधरा अंशांच्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात गोठायचं, बर्फही पडायचा, पण हिमनद्या नव्हत्या आणि बारमाही पांढरं वाळवंट तर नव्हतंच.

तेव्हा जमीन अशी रंगवा: सपाट, किनाऱ्याकडे उतरणारं पूरमैदान. वळणं घेत जाणाऱ्या संथ नद्या, सोडून दिलेली जुनी पात्रं, तळी, दलदल, काळपट चिखल. झाडं सूचिपर्णी, पण हिवाळ्यात पानं गाळणारी. खाली नेचे, आणि पाण्याच्या कडेने हॉर्सटेल, म्हणजे सांधेदार पोकळ काड्यांची ती बुटकी वनस्पती. झाडांची खूप दाटी करू नका. सूर्य तिरपा असतो, एकमेकांच्या सावलीत झाडं फार गर्दीने वाढत नाहीत. गवत मात्र अजिबात नको. हिरवळीचा ब्रश फिरवायचा मोह सगळ्यांना होतो, पण गवताळ मैदानं त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी आली.

गेममध्ये तयार हवामानपट्टे असतील तर ‘टुंड्रा’ निवडू नका, ‘तैगा’ किंवा थंड सूचिपर्णी जंगल निवडा. बर्फाचा ब्रश वापरायचाच असेल तर झाडांच्या बुंध्याशी, सावलीच्या बाजूला, मुठीने पीठ भुरभुरावं तितकाच.

मग आर्क्टिकपणा दाखवायचा कशाने?

अंधाराने. तापमान वाढलं-घटलं तरी पृथ्वीचा आस काही सरळ होत नाही. हा भाग तेव्हा आजच्यापेक्षाही ध्रुवाच्या जवळ होता असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. ८० अंश उत्तर अक्षांशाच्याही वर. तिथे हिवाळ्यात सुमारे १२० दिवस सूर्य क्षितिजावर येत नाही. पूर्ण काळोख नसतो म्हणा, मधूनमधून संधिप्रकाश, चंद्र, ध्रुवीय प्रकाशाचे पडदे. पण दिवस नाही. उन्हाळ्यात उलट: सूर्य मावळायचं नावच घेत नाही.

बऱ्याच गेममध्ये दिवस-रात्रीची वेळ थांबवून ठेवता येते. ती पहाटेच्या आधीच्या निळसर प्रकाशावर अडकवा आणि मग प्रेक्षकांच्या वाटेवर मंद, पिवळे, खाली झुकलेले दिवे लावा. आमच्या पार्कमध्ये हे केलं तेव्हा त्या कुंपणाचा सगळा नूरच पालटला. अर्धवट उजेडात झाडांमागून एक लांबट डोकं हळूच वर येतं, चघळत थांबतं, पुन्हा खाली जातं. एरवी बदकचोचे म्हणजे पार्कमधल्या म्हशी, कुणी वळूनही पाहत नाही. तिथे मात्र भाचा स्वतःच कॅमेरा नेऊन पंधरा मिनिटं बसला होता.

चार महिने अंधार, झाडांना पानं नाहीत. खायचा काय?

हॅड्रोसॉरच्या तोंडात शेकडो दात एकमेकांना चिकटून रचलेले असायचे. वरचा झिजला की खालून नवा सरकायचा. एरिक्सन यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की या दातांत सहा वेगवेगळ्या ऊती होत्या. घोड्या-गुरांच्या दातांपेक्षाही गुंतागुंतीचा मामला. वेगवेगळ्या कठीणपणाच्या ऊती वेगवेगळ्या वेगाने झिजतात आणि पृष्ठभाग खरखरीत राहतो, अगदी टाकी मारलेल्या जात्यासारखा. असं जातं तोंडात असेल तर कोवळ्या पानांवाचून अडत नाही. डहाळ्या, साल, हॉर्सटेलच्या काड्या, गळून पडलेला पाचोळा, सगळं दळलं जातं.

थोडा किळसवाणा पण खरा मुद्दा: मोंटानात सापडलेल्या अश्मीभूत शेणात कुजक्या लाकडाचे तंतू भरपूर मिळाले आहेत, आणि ते शेण बदकचोच्यांचं असावं असं मानतात. युटातल्या अशाच शेणात तर खेकडे-झिंग्यांच्या गटातल्या प्राण्यांच्या कवचांचे तुकडे निघाले. कुजकं लाकूड पोखरताना आतले किडेमकोडे आणि कवचधारी हेही पोटात जात असणार. अलास्कातल्या प्राण्याचं असं शेण माझ्या वाचनात नाही, पण हिवाळ्याची बेगमी म्हणून कुजके ओंडके हा पर्याय नक्कीच बसतो. कुंपणात चार-दोन पडलेली झाडं टाका. दिसतातही छान.

हिवाळ्यात ते दक्षिणेला निघून जात नसत का?

पूर्वी असंच मानत. कॅरिबू हरणांसारखे कळप हजारो किलोमीटर चालत जात असतील अशी चित्रं खूप रंगवली गेली. पण मीटरभर उंचीची पिल्लं घेऊन इतकं चालणं कठीण, हा आक्षेप २००० च्या सुमारास पुढे आला. मग २०१२ मध्ये अलास्कातल्या हाडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. त्यांत वाढीचा वेग ऋतूप्रमाणे कमी-जास्त झाल्याच्या खुणा होत्या, दक्षिणेकडच्या एडमोंटोसॉरसांत तशा आढळल्या नाहीत. म्हणजे दर वर्षी त्यांच्यावर ताणाचा काळ येत होता. अंधारात, अर्धपोटी, तिथेच राहून.

पिल्लं तिथेच जन्मायची?

हो, आणि याचा पुरावा थक्क करणारा आहे. २०२१ मध्ये ड्रकनमिलर आणि सहकाऱ्यांनी प्रिन्स क्रीकच्या गाळातून चाळून काढलेले बारीक दात आणि हाडं प्रसिद्ध केली. त्यांतले काही तर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे. नुकत्याच जन्मलेल्या किंवा अंड्यातच असलेल्या पिल्लांचे. एकाच नाही, सात वेगवेगळ्या गटांतल्या डायनासोरांच्या पिल्लांचे. बदकचोचे त्यांत आहेतच.

आता हिशेब मांडा. हायपॅक्रोसॉरस नावाच्या दुसऱ्या एका बदकचोच्याच्या गर्भाच्या दातांवरच्या वाढरेषा मोजून २०१७ मध्ये काढलं की त्याची अंडी उबायला जवळपास सहा महिने लागत. आपल्या अलास्कावाल्यालाही साधारण तितकेच लागत असतील, तर वसंतात घातलेली अंडी फुटेपर्यंत हिवाळा दारात. पिल्लू बाहेर येतं आणि थोड्याच दिवसांत चार महिन्यांची रात्र सुरू! अशा पिल्लाला दक्षिणेकडे चालवत नेणं अशक्यच. स्थलांतराच्या कल्पनेला खरा धक्का बसला तो इथे.

२०२५ च्या ऑक्टोबरात आलेल्या ‘जुरासिक वर्ल्ड एव्होल्युशन ३’मध्ये डायनासोर कुटुंब करतात, पिल्लं वाढतात. तुमच्या गेममध्ये ही सोय असेल तर घरटी पाण्यापासून दूर, उंचवट्यावर करू द्या. लिस्कॉम्बच्या थराची आठवण ठेवा.

एका कुंपणात किती ठेवू?

गेम जेवढे चालवून घेईल तेवढे. दोन-तीन ठेवून भागत नाही. अलास्काच्याच डेनाली राष्ट्रीय उद्यानात, कॅन्टवेल खडकांत, बदकचोच्यांच्या हजारो पाऊलखुणांचा एक सडा आहे. २०१४ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चार वेगवेगळ्या वयांची पावलं एकत्र, काहींत तर कातडीच्या खवल्यांचा ठसाही उमटलेला. ते नेमके याच प्रजातीचे असतील असं नाही, पण लेकुरवाळे कळप हे चित्र त्यातून स्पष्ट होतं. तेव्हा सगळे एकाच मापाचे प्रौढ न ठेवता लहान-मोठे मिसळा.

थंडीत राहायचा म्हणजे अंगावर केस किंवा पिसं होती?

बदकचोच्यांच्या कातडीचे ठसे बरेच सापडले आहेत आणि ते खवल्यांचे आहेत. पिसांचा पुरावा नाही. इतक्या मोठ्या, झपाट्याने वाढणाऱ्या, शरीराची उष्णता टिकवून धरणाऱ्या प्राण्याला शून्याच्या आसपासच्या थंडीत केसांवाचून चालू शकतं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचं काय, हा प्रश्न मला छळतो, पण पुराव्याशिवाय लोकर चढवणं बरं नव्हे.

डोक्यावर मांसल तुरा मात्र द्या. कॅनडातल्या एडमोंटोसॉरस रीगॅलिसच्या एका नमुन्यात कोंबड्याच्या तुऱ्यासारखा मऊ तुरा टिकलेला मिळाला. ते २०१३ मध्ये जाहीर झालं. अलास्कावाला खरंच त्याच्या इतका जवळचा असेल तर त्यालाही तो शोभेल. रंग कुठलाही चालेल, कारण खरा कुणालाच माहीत नाही. बर्फासारखं पांढरंशुभ्र कातडं मात्र मी निवडत नाही. वर्षातला बराच काळ चिखल आणि काळपट खोडं आजूबाजूला असताना पांढरा रंग म्हणजे नॅनुक्सॉरसला जेवणाचं आमंत्रण.

नॅनुक्सॉरस कोण? आणि टी-रेक्स शेजारी ठेवला तर?

नॅनुक्सॉरस हा त्याच प्रदेशातला मांसाहारी, टायरॅनोसॉरसचा चुलतभाऊ. ‘नॅनुक’ म्हणजे इनुपियाक भाषेत पांढरं अस्वल. २०१४ मध्ये नाव मिळालं तेव्हा तो टी-रेक्सच्या मानाने बराच लहान असावा असं मानलं गेलं. आता तो तितका लहान नसावा असा कल आहे. टी-रेक्स स्वतः मात्र या खडकांतला रहिवासी नाही. शेजार खरा हवा असेल तर जाड हाडाच्या नाकाचा पॅकिरायनोसॉरस पेरोटोरम ठेवा, ज्याचं वर्णन २०१२ मध्ये झालं. जाड कवटीचा अलास्काकेफाले आहे, बारीक ट्रूडॉन आहेत. बारीक म्हटलं खरं, पण इथल्या ट्रूडॉनचे दात दक्षिणेकडच्यांपेक्षा चांगलेच मोठे. गंमत म्हणजे २०१९ मध्ये त्याच लिस्कॉम्ब थरात पोकळ तुऱ्याच्या बदकचोच्यांचंही एक कवटीचं हाड ओळखलं गेलं. म्हणजे थोडेफार तुरेवालेही आसपास होतेच.

मगरी, कासवं आणि सरडे टाकू नका. दक्षिणेकडे याच काळात ते भरपूर आढळतात, इथे त्यांचा पत्ता नाही. थंड रक्ताच्या प्राण्यांना ती रात्र झेपली नसणार.

मॅमथबरोबर ठेवला तर? दोघंही अलास्काचेच.

मधलं अंतर सात कोटी वर्षांचं. एक आमरस आणि एक हुरडा, एकाच ताटात कसे येतील? वेगळी कुंपणं करा, हवं तर मध्ये एक वाट ठेवा आणि ‘एकच जागा, दोन काळ’ अशी पाटी लावा. खरं तर ही कल्पना मला आवडली.

चोच बदकासारखी, मग तळ्यात पोहत असणार ना?

शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या लोकांनाही तसंच वाटलं होतं. १९०८ मध्ये वायोमिंगमध्ये स्टर्नबर्ग पितापुत्रांना कातडीसकट सुकलेला एक एडमोंटोसॉरस मिळाला. त्याच्या पंजाभोवतीची कातडी पाहून बदकासारखा पडदा असल्याचा निष्कर्ष निघाला. प्रत्यक्षात ती बोटांभोवतीची मांसल गादी होती, चालण्यासाठी. १९६४ मध्ये जॉन ऑस्ट्रम यांनी हे प्राणी जमिनीवर चरणारे होते हे नीट मांडलं. २०२५ मध्ये वायोमिंगच्याच अशा ‘ममीं’च्या अभ्यासातून मागच्या पायांना खूर असल्याचंही दिसलं. चोचीवर नखासारखं कठीण आवरण असायचं आणि पुढची कड खाली वळलेली, म्हणजे बदकापेक्षा फावड्याच्या जवळची. तळं ठेवा, पाणी प्यायला येतील, कधी ओलांडतीलही. पाणपक्षी मात्र करू नका.

तो ओरडतो कसा?

तुरेवाल्या पॅरासॉरोलोफसच्या डोक्यातल्या नळ्यांमुळे तुतारीसारखा आवाज येत असावा असं मानतात. याच्या डोक्यात तशा नळ्या नाहीत. नाकाभोवती मोठे खळगे आहेत, तिथे फुगणारी कातडी असावी असा एक अंदाज आहे. गेमच्या आवाजांत खोल, घुमणारा पर्याय असेल तो घ्या.

भारतात किंवा महाराष्ट्रात असा डायनासोर सापडलाय का?

नाही. त्या काळी भारत आशियापासून तुटून दक्षिणेकडच्या समुद्रातून वर सरकत होता. आपल्याकडे लांब मानेचे शाकाहारी होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा आयसिसॉरस हे त्यांतलं मोठं नाव. गुजरातेत राजासॉरस हा मांसाहारी मिळाला. बदकचोच्यांनी मात्र अंटार्क्टिकापर्यंत मजल मारली होती, तिथे एक दात सापडला आहे. महाराष्ट्राचा विभाग करायचा असेल तर तो वेगळा करा, उबदार, तांबूस मातीचा. भाच्याने दोन्ही कुंपणं शेजारी बांधलीत आणि मधल्या पुलावर चहाची टपरी टाकलीय. ती सोडून बाकी सगळं मी तपासून दिलं.

पाटीवर काय लिहू?

आमच्या पार्कमधली पाटी अशी आहे, हवी तर उचला: ‘उग्रुनालुक. कोलविल नदीकाठचा प्राचीन चरणारा. काही शास्त्रज्ञ याला एडमोंटोसॉरस म्हणतात. कृपया टॉर्च प्राण्यांच्या डोळ्यांवर मारू नये. सूर्योदय: फेब्रुवारीत.’